लिनक्सवर गेम कंट्रोलर: वायर की ब्लूटूथ? माझं मत वायरच्या बाजूने

सड्यावरचा (रत्नागिरी)

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की एक प्रश्न हमखास येतो: घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचं मिंट किंवा डेबियन आहे, चौघांना सुपरटक्सकार्ट खेळायचंय, कंट्रोलर कसे जोडायचे? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. ब्लूटूथने जोडा, आणि अडलं तर गिटहब या साइटवरून अमुक ड्रायव्हर उतरवा. नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वायर लावा आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीच असलेला ड्रायव्हर (कंट्रोलरची भाषा समजणारा प्रोग्राम) वापरा.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी एक्सपॅड हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. केबल लावली की झालं, काही उतरवावं लागत नाही. कंट्रोलरमधले दोन पेन्सिल सेल काढून ठेवले तरी केबलवर तो चालतो, म्हणजे वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर खेळ चालू. सोनीचे आणि निन्टेन्डोचे ड्रायव्हरही कर्नलमध्येच आहेत, पण तिथे कर्नलची आवृत्ती बघावी लागते. ड्युअलसेन्ससाठीचा (प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर) एचआयडी-प्लेस्टेशन हा ड्रायव्हर ५.१२ मध्ये आला, २०२१ साली. ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा) आधी एचआयडी-सोनीकडे होता, तो ६.२ पासून एचआयडी-प्लेस्टेशनकडे गेला. निन्टेन्डोच्या स्विच प्रो आणि जॉयकॉनसाठीचा एचआयडी-निन्टेन्डो ५.१६ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आला. मिंट २१ मुळात ५.१५ वर आहे. त्यामुळे त्यावर स्विच प्रो नीट चालत नाही म्हणून लोक कंट्रोलरला दोष देतात, आणि दोष एका आवृत्तीच्या फरकाचा असतो. अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घेतला की काम होतं. कर्नल कोणता आहे ते टर्मिनलमधली ‘युनेम -आर’ ही आज्ञा सांगते. आधी ते बघा, मग बाकीचं.

केबल मात्र डेटा नेणारी हवी. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या स्वस्त केबलींत कधी कधी फक्त वीजवाहक तारा असतात. दिवा लागतो, पण ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने येणाऱ्या यादीत कंट्रोलर दिसत नाही.

खाडीकाठ

दादा, चार कंट्रोलर, चार केबली आणि जुन्या लॅपटॉपला दोन-तीन पोर्ट. तुमच्या सल्ल्यात एका पोर्टाचे चार करणारा हब आलाच, आणि खरी कटकट तिथे सुरू होते.

स्वतःचा अडॅप्टर नसलेला यूएसबी २ हब प्रत्येक पोर्टला नियमाने १०० मिलिअँपियरच देऊ शकतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलर ५०० मागतो. मग कर्नल त्याला सरळ नाकारतो, आणि ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलची नोंदवही) वीज अपुरी असल्यामुळे कॉन्फिगरेशन फेटाळल्याची ओळ येते. स्वस्त हब तर आपल्याला स्वतंत्र वीज आहे असं खोटंच सांगतात. तिथे नकार येत नाही, पण चौथा कंट्रोलर लावला की व्होल्टेज पडतं आणि चारही मधूनच तुटतात. हे शोधायला जास्त वेळ जातो, कारण सगळं सुरुवातीला बरोबर दिसतं.

ड्युअलशॉक ४ ब्लूटूथवर जोडायला दोन मिनिटं लागतात. शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकायला लागेल. ड्युअलसेन्सला शेअरऐवजी क्रिएट. मग टर्मिनलमधल्या ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये स्कॅन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट, याच क्रमाने. बहुतेक लोक ट्रस्ट विसरतात आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आपणहून जोडला जात नाही म्हणून वैतागतात. इथे बाहेरचा ड्रायव्हर कुठेच लागत नाही. म्हणजे ब्लूटूथ आणि बाहेरचा ड्रायव्हर या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधल्यात, ते मला पटत नाही.

रातांबा (कुडाळ)

खाडीकाठ, तुमचा म्हणणा बरोबर आसा, पण सोनीपुरताच.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथवर साध्या ड्रायव्हरनेही दिसतो, मात्र बटणांची मांडणी, ट्रिगरमधली थरथर आणि बॅटरीचा आकडा हे सगळं नीट हवं असेल तर एक्सपॅडनिओ हा बाहेरचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. तो डीकेएमएसने बसतो, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप नव्याने बनवला जातो. त्यासाठी चालू कर्नलच्या हेडर फाइली लागतात. त्या नसल्या तर पुढच्या कर्नल अपडेटला मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) बनतच नाही आणि काल चालणारा कंट्रोलर आज नीट चालत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते: ‘मोकयुटिल’ने किल्ली नोंदवायची, संगणक पुन्हा सुरू करायचा, निळ्या पडद्यावर पासवर्ड द्यायचा. त्या पडद्यावर कुणी घाईत पुढे जा म्हटलं की नोंदणी होतच नाही.

एक्सबॉक्सचा वायरलेस डोंगल (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) घेणाऱ्यांना एक्सवन हा ड्रायव्हर लागतो, त्याची तर वेगळीच अडचण आहे. डोंगलचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) परवान्यामुळे सोबत देता येत नाही, ते वेगळी स्क्रिप्ट चालवून उतरवावं लागतं. शिवाय एक्सवन बसताना एक्सपॅडला ब्लॅकलिस्ट करतो, म्हणजे चालू होऊ देत नाही. घरात जुना एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला कंट्रोलर असेल तर तो त्याच क्षणी बंद पडतो, आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. सड्यावरच्यांचा मुद्दा मी इथे पूर्ण मान्य करतो: हे नवख्याला सुचवू नका.

गलबत

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. स्टीम (खेळ विकत घेण्याचं आणि चालवण्याचं अॅप) उघडा, त्यातलं स्टीम इनपुट चालू करा, कुठला कंट्रोलर आहे याचा विचारच करायला नको. मांडणी बदलता येते, जायरो (कंट्रोलर तिरका करून खेळणं) चालतो, नक्कल कंट्रोलरही सांभाळले जातात. स्टीमबाहेरचा खेळसुद्धा ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून जोडता येतो. ड्रायव्हरची एवढी चर्चा कशाला?

सड्यावरचा (रत्नागिरी)

गलबत, स्टीम इनपुट कर्नलच्या खांद्यावरच उभा आहे. त्याला कंट्रोलरच्या एचआयडीरॉ फाइलवर (त्याच्याशी थेट बोलण्याची वाट) लिहायची परवानगी लागते आणि ती युडेव्हचे नियम (कुणाला कुठलं उपकरण वापरता येईल ते ठरवणारे) देतात. उबंटू-डेबियन घराण्यात ते स्टीम-डिव्हायसेस या पॅकेजमधून येतात. फ्लॅटपॅकचा (बंदिस्त डब्यात चालणाऱ्या अॅपचा एक प्रकार) स्टीम टाकणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते. फ्लॅटपॅक मूळ सिस्टिममध्ये युडेव्हचे नियम टाकू शकत नाही, ते पॅकेज बाहेर वेगळं बसवावं लागतं. नाहीतर साध्या मेनूत कंट्रोलर दिसतो आणि स्टीममध्ये अर्धाच चालतो. स्नॅपच्या (तसाच दुसरा प्रकार) फायरफॉक्सचं तसंच: त्याला जॉयस्टिकचं इंटरफेस जोडलेलं लागतं, मगच ब्राउझरमधल्या खेळाला बटणं कळतात.

दुसरं म्हणजे, सुपरटक्सकार्टसारखा मुक्त खेळ डिस्ट्रोच्याच (मिंट, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या) भांडारातून येतो. तो खेळायला पोरांना आधी खातं काढायला लावणं मला मुळीच पटत नाही. हा फक्त सोयीचा प्रश्न नाही.

खाडीकाठ

खात्याबद्दल सहमत. पण नक्कल कंट्रोलरचा मुद्दा सोडू नका, कारण बाजारात ड्युअलशॉक ४ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात नकला भरपूर असतात. ड्रायव्हर जोडणीच्या वेळी कंट्रोलरकडे त्याचा पत्ता, कॅलिब्रेशन आणि फर्मवेअरची माहिती मागतो. नकला ती देत नाहीत किंवा चुकीची देतात. एचआयडी-प्लेस्टेशनकडे काम गेल्यावर अशा काही नकला सरळ नाकारल्या जाऊ लागल्या. पुढच्या कर्नलमध्ये बरीच सूट दिली गेली. ‘डीमेसेज’मध्ये फीचर रिपोर्ट मिळाला नाही अशी ओळ दिसली तर समजा, हात नकलेला लागलाय. वायर लावून हा दोष जात नाही. त्यामुळे वायर म्हणजे बिनघोर, असं नाही.

रातांबा (कुडाळ)

यावर सोपा उपाय म्हणजे दोन-तीन मोड असलेला कंट्रोलर घेणं. एटबिटडू कंपनीच्या एसएन३० प्रो मध्ये सुरू करतानाच मोड निवडता येतो: एक्स आणि स्टार्ट दाबलं तर एक्सबॉक्ससारखा, बी आणि स्टार्ट तर साधा अँड्रॉइडवाला, वाय आणि स्टार्ट तर स्विचसारखा. लिनक्सवर वायरने लावताना पहिला मोड घ्या, एक्सपॅड त्याला लगेच उचलतो. त्यांच्या काही कंट्रोलरचं फर्मवेअर एफडब्ल्यूयूपीडी या साधनाने लिनक्सवरूनच अद्ययावत करता येतं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मात्र फर्मवेअरसाठी विंडोज किंवा कन्सोलच लागतो. मुक्त प्रणाली वापरणाऱ्याने विकत घेण्याआधी हा फरक मोजायलाच हवा.

सुरंगी (मालवण)

तुम्ही सगळे जोडणीवर भांडताय, आणि किनाऱ्यावरच्या घरात कंट्रोलर मरतो तो दमट खाऱ्या हवेने. साध्या अॅनालॉग काडीखाली कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारी पत्ती असते. पट्टा झिजला किंवा त्यावर ओल आणि मीठ बसलं की काडी न हलवताही गाडी एका बाजूला ओढली जाते. मग लोक ‘जेएसकॅल’ (काडी जुळवण्याचं साधन) चालवतात आणि खेळात काहीच फरक पडत नाही.

त्याचं कारण साधं आहे. जेएसकॅल फक्त जॉयस्टिकच्या जुन्या ‘जेएस०’ या वाटेवर परिणाम करतो. आजचे बहुतेक खेळ एसडीएल या लायब्ररीमार्फत कंट्रोलरची ‘इव्हेंट’ फाइल थेट वाचतात. तिथला मृत पट्टा (काडी एवढी हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं, ती मर्यादा) बदलायचा तर त्याच जॉयस्टिक पॅकेजमधला ‘ईव्हीडेव्ह-जॉयस्टिक’ वापरा. आधी ‘ईव्हीटेस्ट’ लावून काडीला हात न लावता आकडे बघा. एक्सपॅडची काडी उणे ३२७६८ ते ३२७६७ इतकी फिरते आणि मुळातला मृत पट्टा अवघा १२८ असतो. आकडा मोकळ्या काडीवर दोन-अडीच हजारांवर रेंगाळत असेल तर तीन हजारांचा मृत पट्टा ठेवून बघा. दहा हजारांवर असेल तर सॉफ्टवेअरने झाकू नका, काडी बदला.

उघडून साफ करायचं तर एक्सबॉक्स वनला मध्ये भोक असलेला टी८ टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, आणि पाचवा स्क्रू बॅटरीच्या कप्प्यातल्या लेबलाखाली असतो. तो न काढता जोर लावला की कवच तडकतं. साफसफाई ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा, दवाखान्यातल्या ७० टक्क्यांच्या स्पिरिटने नको, त्यात पाणी असतं. नवी काडी घेताना हॉल सेन्सरची घ्या. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे घासून झिजणारा पट्टाच नाही. पण मूळ काडी काढायला सोल्डरचे चौदा सांधे वितळवावे लागतात, हे नवख्याचं काम नव्हे, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्या. पावसाळ्यात ठेवताना घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ काडीच्या फटीत जातं.

गलबत

सुरंगीताई, जेएसकॅलचं हे माहीत नव्हतं. स्टीम इनपुटबद्दलचं माझं मत कायम आहे, पण स्टीम न वापरणाऱ्यांना तो सल्ला लागू पडत नाही, हे मान्य.

खाडीकाठ

ब्लूटूथच्या बाजूने शेवटचं सांगतो. चौघांना ब्लूटूथवर अडखळत असेल तर डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टातून काढा. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. हातभर लांब एक्स्टेंशन केबलवर यूएसबी २ मध्ये लावा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. सीएसआर नावाच्या स्वस्त डोंगलमध्येही नकला आहेत, त्या टाळा. एवढं केलं की चार ड्युअलशॉक नीट चालायला हवेत.

सड्यावरचा (रत्नागिरी)

खाडीकाठ, एवढं ‘केलं की’ हाच माझा मुद्दा आहे. तरी तुमची एक गोष्ट मी स्वीकारतो: सोनीचा अस्सल कंट्रोलर आणि ६.२ च्या पुढचा कर्नल असेल तर ब्लूटूथला माझी हरकत नाही. अपवाद ड्युअलशॉक ३ चा. २०२३ च्या अखेरीस ब्लूझेडमधली (लिनक्सचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर) सुरक्षेची फट बुजवली गेली तेव्हा तो ब्लूटूथवर जोडला जाईनासा झाला, आणि त्यासाठी ‘क्लासिकबॉन्डेडओन्ली’ ही सेटिंग बंद करा असं सर्रास सांगितलं जातं. ते केलं की बुजवलेली फट पुन्हा उघडते आणि जवळचा कुणीही तुमच्या संगणकाला खोटा कीबोर्ड जोडू शकतो. ड्युअलशॉक ३ वायरवरच ठेवा.

आणि हब घेणारच असाल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या, ५ व्होल्टचा, किमान २ अँपियरचा.