टियागो की वॅगन आर? आईचे गुडघे, नारायण पेठेतलं पार्किंग आणि दिवेघाट

पेठकर: मंडळी, घरातली पहिली गाडी घ्यायची आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना अधूनमधून सासवडला शेतावर जायचं असतं. पार्किंग दोन खांबांच्या मधे, जेमतेम. टियागो पेट्रोल आणि वॅगन आर १.२ यांत अडलोय. वापरणाऱ्यांनी सांगा.

सासवडची_ताई: मी टियागो चालवते. सासवड-हडपसर, रोज दिवेघाट. घाट उतरताना मागे भरलेला ट्रक असतो, म्हणून मी आधी सुरक्षितता बघितली. गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी ४ तारे मिळाले, वॅगन आरला २०१९ मध्ये २. वॅगन आरचा २०२३ चा १ तारा सगळे सांगतात, पण तोवर नियम कडक झाले होते, तेव्हा तो आकडा टियागोच्या चारशी लावू नका.

आता उणं. इंजिन तीन सिलिंडरचं, सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की थरथर हाताला कळते. चढावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर वेळेवर दुसरा गियर टाका, तिसऱ्यात रेटत बसू नका. डिकी २४२ लिटर. सीताफळांचे क्रेट न्यायचे तर मागची सीट पाडावीच लागते.

रिक्षास्टँड_कोथरूड: आमच्याकडे वॅगन आर १.२. चार सिलिंडर, मऊ चालते. डिकी ३४१ लिटर. रुंदी १६२० मिमी, टियागोची १६७७. तुमच्या खांबांमधे तेवढंही खूप. आणि सीट उंच, आमची आजी न वाकता बसते.

पेठकर: ताई, मग आईचं काय करू?

सासवडची_ताई: आईंनाच शोरूमला न्या, तेही सकाळी, गुडघे आखडलेले असतात तेव्हा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे चढउतार करू दे. टियागोत आधी बूड टेकवून मग पाय आत घ्यावे लागतात. दाराला धरून उठावं लागलं तर वॅगन आर घ्या, मी वाईट मानणार नाही. नुसतं थोडं वाकावं लागत असेल तर मात्र टियागोच. खांबांमधलं अंतर टेपने मोजा, दार उघडायची जागा धरून. टेस्ट ड्राइव्ह चौघं बसून, एसी लावून, चढावर.

पेठकर: शोरूमवाले सपाट रस्त्यावरच फिरवतात हो.

सासवडची_ताई: आधीच फोनवर ठरवा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम गाठा, पुण्यात काय कमी आहेत?