गोवा मुक्त झाला तो १९६१ मध्येच का? वॉल्ट्झकडे उत्तर आहे का?

फोंड्याचा मास्तर
उद्या १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. भाषणांत कारणे ठरलेली: नेहरूंचा संयम संपला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हटवादी. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे वास्तववादी अभ्यासक म्हणतात, माणसे बाजूला ठेवा, सत्तेची मांडणी बघा. त्यांच्यातल्याच केनेथ वॉल्ट्झने १९७९ मध्ये हीच शिस्त घालून दिली. मला ती इथे पटत नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेपेक्षा भारत १९५० मध्येही बलाढ्य होता आणि पोर्तुगाल १९४९ पासूनच नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीत. जे इतकी वर्षे बदललेच नाही, ते १९६१ चे कारण कसे?

डिचोलीकर
मास्तर, वॉल्ट्झच्या गळ्यात हे घालू नका. आपला सिद्धान्त परराष्ट्र धोरणाचा, म्हणजे एखाद्या देशाच्या एकेका निर्णयाचा नाही, असे तो स्वतःच सांगतो. आणि बदलले नाही कसे? डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा वसाहतींविरुद्धचा ठराव १५१४ झाला, पाठोपाठ १५४२ मध्ये पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत गोवा आला. १९६१ मध्ये अंगोला ही पोर्तुगीज वसाहत पेटली. नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून गोळीबार. त्यात सुरक्षा परिषदेतल्या सोव्हिएत नकाराधिकाराचा आधार. ही साधी, दाखवता येणारी कारणे आहेत.

फोंड्याचा मास्तर
यादी बरोबर, पण ती माझ्याच बाजूची! ठराव म्हणजे रणगाडे नव्हेत. सुरक्षा परिषदेत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाने (म्हणजे इजिप्तने) भारताने माघार घ्यावी या पाश्चात्त्यांच्या ठरावाविरुद्ध मत दिले. त्यांच्या तोफा कोणी मोजल्या होत्या? वसाहत ठेवणे हेच आक्रमण, असे जग मानू लागले होते. ते आतून, त्या लोकांच्या नजरेतून समजून घ्यावे लागते. हॉलिस आणि स्मिथ या अभ्यासकांनी १९९० मध्ये हाच भेद मांडला: बाहेरून स्पष्टीकरण वेगळे, आतून आकलन वेगळे.

म्हापशेकर
चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज मकावचे काय करता? चीनची ताकद प्रचंड, वसाहतवादाला विरोधही कडवा, तरी पोर्तुगीज झेंडा १९९९ पर्यंत. तुमच्या ‘मानू लागलेल्या जगा’त मकाव बसत नाही. आता म्हणाल, चीनसाठी अर्थ निराळा होता. दर वेळी नवा अर्थ काढायचा, तर चुकायची सोयच उरत नाही! तत्त्वज्ञ हेम्पेलने १९४२ मध्ये इतिहासालाही सामान्य नियम लावायला सांगितले. तो अतिरेक असेल, पण निदान चूक पकडता येते.

डिचोलीकर
पेकिंगला (चीन सरकारला) मकाव बाहेरच्या व्यापाराची खिडकी म्हणून सोयीचे होते. तिथे हितसंबंध पुरतो. मास्तर, सरळ सांगा: काय सापडले तर मत बदलाल?

फोंड्याचा मास्तर
१९६० च्या ठरावांआधीच चढाईचा निर्णय पक्का झाल्याचा दिल्लीतला कागद दाखवा. ठरावांचा मुद्दा सोडून देईन.