हिमचादर सगळेच पुसून टाकत नाही

नवी हिमचादर, म्हणजे विस्तीर्ण भूभाग झाकणारा बर्फाचा जाड थर, आली की आधीच्या खुणा खरवडून नेते, म्हणून गाळात फक्त शेवटच्या हिमयुगाचीच हकीकत उरते, असे म्हटले जाते. उंचावरच्या उघड्या खडकांपुरते ते पटते. खोलगट जागी मात्र जुना गाळ पुष्कळदा तसाच दबून राहतो. कॅनडातल्या टोरांटोतली डॉन नदीच्या खोऱ्यातली विटांच्या मातीची जुनी खाण घ्या. खडकावर आधी जुन्या हिमचादरीने टाकलेला दगडगोट्यांचा थर आहे. त्यावर सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळातली वाळू आणि चिकणमाती, आणि तीत आज बरेच दक्षिणेला वाढणाऱ्या झाडांचे अवशेष, शिवाय महाकाय बीव्हरचे (बीव्हर म्हणजे पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडणारा प्राणी)! टोरांटो विद्यापीठाच्या ए. पी. कोलमन यांनी या थरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हिमयुग एकदाच आले नाही, हे इथे डोळ्यांना दिसते.

मला सर्वांत भावतो तो त्याच्याही वरचा थर, जो टोरांटोच्याच सरोवरकाठच्या स्कारबरोच्या कड्यांत ठळक दिसतो. तो नदीने तलावात साठवलेला त्रिभुज प्रदेशाचा गाळ आहे, पण आजच्या ऑन्टारियो सरोवराच्या पातळीहून कितीतरी उंचावर. म्हणजे तेव्हा पाणी सुमारे ४५ मीटर वर होते. एवढे पाणी तुंबायला, सरोवराचे पाणी समुद्राकडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीची वाट कशाने तरी अडलेली हवी, आणि ते बर्फानेच शक्य होते. टोरांटोपर्यंत न पोचलेल्या बर्फाची साक्ष अशी तलावाच्या वाळूने दिली आहे.