अमेरिकेतल्या खेड्यातलं हायस्कूल: अकरावीचा प्रवेश

प्रश्न: भाची एच-४ वर (कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) कॅन्ससमधल्या छोट्या गावात जातेय. सरकारी हायस्कूल, जेमतेम नव्वद मुलं. कागदपत्रं काय लागतात? विज्ञान नीट मिळेल ना?

उत्तर १: जन्मदाखला, मार्कशीटा, घरभाड्याचा करार आणि लसींची नोंद. व्हिसाचं टेन्शन नको. सरकारी हायस्कूलात बारा महिन्यांची मर्यादा आणि पूर्ण खर्च भरणं हे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठी. गाडं अडतं ते लसींवर. आपल्याकडच्या कार्डावर कांजण्यांची लस बऱ्याचदा नसते आणि तिथे तिचे दोन डोस मागतात. दोन्हींत काही आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून पहिला इथूनच देऊन निघा.

उत्तर २: खरी मेख वेळापत्रकात आहे, ताई. एवढ्या शाळेत विज्ञानाला शिक्षक एखाददुसराच, म्हणून फिजिक्स आणि केमिस्ट्री अनेकदा वर्षाआड असतात. यंदा हुकलं की बारावीनंतरच! शिवाय प्रत्येक विषयाची तुकडी एकच. फिजिक्स आणि बँड (वाद्यवृंदाचा विषय) एकाच तासाला आले तर एक सोडावंच लागतं. समुपदेशकाकडे पहिल्याच भेटीत दोन्ही वर्षांचं वेळापत्रक मागा. कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ड्युअल क्रेडिट, म्हणजे एकाच विषयाचं श्रेय हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे, मिळालं तर उत्तम, फक्त तिथली ग्रेड कॉलेजच्या नोंदीत कायमची राहते.

उत्तर ३: एपीचा (हायस्कूलातच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) वर्ग नसला तरी परीक्षा देता येते, जवळच्या दुसऱ्या शाळेत बसून. त्या शाळेच्या एपी समन्वयकाला सप्टेंबरातच गाठा. परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यातच आटोपते, आणि बाहेरच्या मुलांना घ्यायचं की नाही हे ती शाळा ठरवते.