पिकअप चालवताना काय शिकलात? भरलेली, रिकामी, घाटातली

भाच्याने पिकअप घेतली. कारवर त्याचा हात बसलेला आहे, पण हौद्यात दीड टन माल पडला की तीच गाडी वेगळी होते, हे त्याला कसं समजावू? म्हणून अनुभव मागतोय. आधी माझा.

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेजमार्गे कल्याणला चाललो होतो. घाट उतरताना चौथा गिअर आणि ब्रेकवर सतत पाय. अर्ध्यात जळका वास आला, पेडल दाबूनही गाडी धरेना. तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेलो आणि मोकळ्या जागी कशीबशी थांबवली. ड्रमवर पाणी ओतायला निघालो तर एका ट्रकवाल्या काकांनी हात धरला. म्हणाले, "तडकेल. अर्धा तास बस गप." आणि ज्या गिअरवर घाट चढतोस त्याच गिअरवर उतर, हेही त्यांनीच सांगितलं. आता वेग इंजिनच धरून ठेवतं. वाढलाच तर ब्रेक नीट दाबतो आणि सोडतो, म्हणजे ब्रेकच्या लायनरला (आत घासणाऱ्या पट्टीला) निवायला वेळ मिळतो.

माण तालुक्यातून:
आम्ही उन्हाळ्यात जनावरांना पाणी नेतो. हजार लिटरची टाकी अर्धी असली की भरलेलीपेक्षा वाईट. वळणावर पाणी एका अंगाला गेलं, मी स्टिअरिंग सरळ केलं तर ते उलटं येऊन दुसऱ्या अंगावर आदळलं. आतली दोन चाकं हलकी झालेली सीटला कळली. आता टाकी काठोकाठ भरूनच निघतो, दोरखंड आडवा-उभा आवळतो, आणि वळणाच्या आधीच वेग उतरवतो. वळणात ब्रेक नाही.

देवरुखहून, बाबांची गाडी मी चालवते:
कोल्हापूरला आंबा उतरवून रिकामी परतत होते. आंबा घाटात मे अखेरचा पहिला पाऊस, रस्ता साबणासारखा. मागे वजन नाही, स्प्रिंगचे पाटे कडक, त्यात टायरमध्ये हवा माल असतानाची, तेवढीच. एका खड्ड्यावर मागची चाकं उडाली आणि शेपूट दरीकडे सरकलं. ब्रेक दाबायची ऊर्मी आली होती. बाबांनी शिकवलेलं आठवलं: ॲक्सिलरेटर सोड, शेपूट जाईल तिकडेच स्टिअरिंग हलकं फिरव, गाडी सावरली की लगेच सरळ कर. सावरली. रिकाम्या गाडीची भीती मला भरलेलीपेक्षा जास्त वाटते. परतीआधी हवा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणतेच.

साताऱ्याहून:
उतारावर न्यूट्रल करू नका, कळकळीने सांगतो. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं, आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेकही. डिझेलही वाचत नाही. आताच्या गाड्या गिअरमध्ये पाय सोडला की उतारावर डिझेल तोडतातच.

लासलगावकडून:
कांदा काढणीच्या बायकांना हौद्यात उभं करून आणायचो. सगळेच आणतात. एका संध्याकाळी वासरू आडवं आलं, वेग जेमतेम तीसचा. मी ब्रेक दाबला, गाडी जागेवर थांबली, पण मागे दोघी पडल्या. एका मावशींचं मनगट मोडलं. दोन महिने त्यांना कामावर येता आलं नाही, मजुरी मी घरी नेऊन देत होतो. आता सगळ्या बायकांना गावातली रिक्षा आणते, दोन फेऱ्यांत. भाडं मी देतो. हौद्यात फक्त कांदा.