मदत हवी आहे : एमपीटीसाठी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) शिष्यवृत्ती

बहिणीचं बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिपसकट पूर्ण झालंय. आता पीजीपी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन एमपीटी करायचंय, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो. आम्ही तासगाव तालुक्यातले, जिल्हा सांगली. खुला प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांचा, डोमिसाईल आहे.

आतापर्यंत केलेलं सांगतो. बीपीटीला महाडीबीटीवरून (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती मिळत होती, आठ लाखांच्या आत उत्पन्न म्हणून. आधार बँकेला जोडलेलं आहे, त्यामुळे तो सल्ला नको. दोन ट्रस्टना फोन केले. दोघांनीही "पदवीपर्यंतच देतो" म्हणून ठेवून दिला. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो तर साहेबांनी आधी सातबारा मागितला, त्यावर सोसायटीचा बोजा बघून कागद तसाच माझ्याकडे सरकवला. साडेसात लाखांपर्यंत तारण नको असं विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर अर्ज भरताना वाचलं होतं, हे सांगितल्यावर "बघू" एवढंच. यंदा द्राक्षांनीही हात दिलेला नाही.

कराडचं अभिमत विद्यापीठ घराजवळ पडेल, पण तिथे सरकारी शुल्कसवलत धरून चालता येणार नाही असं ऐकलंय. सरकारी जागा मिळाली तर प्रश्नच मिटला, पण त्या मोजक्याच.

कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत एमपीटी केलं असेल तर नेमकं एवढंच सांगा : कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) खाजगी कॉलेज मिळालं तर शाहू शिष्यवृत्ती पदव्युत्तरला प्रत्यक्षात जमा झाली का, किती टक्के, आणि प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने पूर्ण फी भरून घेतली की थांबले?