काळ्या मातीवर थेट मुरूम नको

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकडच्या सायकलवाटेवर श्रमदानानं मुरूम टाकायची सूचना आपल्या ग्रुपवर आली आहे, त्यात भर घालतो. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे नुसता पसरलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसातच चिखलात गडप होतो. आधी पाण्याला वाट द्या. सायकलवाट एका बाजूला उतरती हवी, मीटरला चार-पाच सेंटिमीटर. चढावर पाणी बाजूला वळवणारे दगडी आडबांध तिरके घाला. काटकोनात घातले तर पाणी तुंबतं, वरून उडी घेतं आणि खाली घळ पडते. मग 15 सेंटिमीटर मुरूम, दोन थरांत, पाणी मारून धुम्मसानं (जड ठोकणीनं) ठोकलेला.

वाटेकडेची काटेरी वेडी बाभूळ जमिनीलगत तोडणं म्हणजे मेहनत वाया, बुंध्यातून पुन्हा जोमानं फुटवे येतात. भोवती खणून ती 20-30 सेंटिमीटर खोलीवरून मुळासकट काढा. फांद्या वाटेवरून ओढू नका, ताडपत्रीवर घालून न्या. गळलेले काटे पुढे कितीतरी दिवस ट्यूब पंक्चर करत राहतात.

पावसानंतर जमीन सुकेपर्यंत वाट बंद, आणि ते ग्रुपवर कळवायला एकच माणूस नेमा. ओल्यात पडलेली चाकोरी वाळली की कुदळीशिवाय मोडत नाही. जागा ज्या खात्याची, त्याचं लेखी पत्र मात्र कामाआधीच घ्या.